झोपेतले बोलणे : शब्द सोडा, लक्षणे पाहा

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणे आटोपून चार घरची माणसे कॉफी घेत बसली की मुलांच्या शाळा, भारताची तिकिटे आणि टॅक्सचे कागद यांच्या मागोमाग तब्येतीचे विषय निघतात. त्यातला एक विषय नेहमी हसण्यावारी जातो. तो म्हणजे कोणाच्या घरी कोण झोपेत बोलते. "आमचे हे रात्री ऑफिसची मीटिंग घेतात," असे कोणी सांगते आणि सगळे हसतात. पण नंतर कोपऱ्यात हळू आवाजात विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतात. सहा वर्षांचा मुलगा झोपेत जर्मन बोलतो, म्हणजे मराठी सुटत चालली का? नवऱ्याने झोपेत अनोळखी नाव घेतले, त्याचा अर्थ काय? सासरे पहाटे ओरडून उठतात, बाहेरचे काही आहे का?

या तिन्ही प्रश्नांत आपले लक्ष एकाच गोष्टीवर असते : माणूस काय बोलला. डॉक्टर मात्र निराळे प्रश्न विचारतात. वय किती, रात्री किती वाजता, किती वेळ, बोलताना हातपाय हलतात का, घोरणे आहे का, सकाळी काही आठवते का. हा फरक समजला तर घरातला निष्कारण संशयही टळेल आणि दुर्लक्ष होऊ नये अशा दुखण्याकडे वेळेवर लक्षही जाईल.

झोपेतली साक्ष

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकात कारस्थानी इयागो ऑथेल्लोला सांगतो की, आपल्या शेजारी झोपलेला कॅसिओ झोपेत डेस्डेमोनाचे नाव घेऊन प्रेमाचे बोलत होता. ती शुद्ध थाप असते. पण झोपेतले बोलणे खरेच असते, असा ऑथेल्लोचा समज असल्यामुळे संशयाची आग आणखी भडकते आणि शेवटी निरपराध पत्नीचा जीव जातो. याच नाटकावरून गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' लिहिले आणि ते मराठी रंगभूमीवर गाजले. नाटक जुने झाले, पण तो समज अजून घरोघरी आहे. "झोपेत माणूस खोटे बोलत नाही" असे आपण सहज म्हणून जातो.

खरी गोष्ट अशी की झोपेतला माणूस खरेही बोलत नाही आणि खोटेही बोलत नाही. खरे-खोटे करायला जो विवेक लागतो, तोच त्या वेळी पूर्ण जागा नसतो. 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' ही म्हण आपण जागेपणीच्या बोलण्यासाठी वापरतो, पण ती शब्दशः लागू पडते झोपेतल्या बोलण्याला.

डिऑन मॅक्ग्रेगर नावाचे एक अमेरिकन गीतकार झोपेत सविस्तर गोष्टी सांगत. त्यांच्याबरोबर राहणाऱ्या मित्राने त्या ध्वनिमुद्रित केल्या आणि १९६४ साली त्यांची चक्क ग्रामोफोन रेकॉर्ड निघाली. त्या गोष्टी अद्भुत आणि अशक्य कोटीतल्या आहेत. त्यांना साक्ष किंवा कबुलीजबाब म्हणणारा माणूस विरळाच.

फ्रान्समधील डॉ. इझाबेल आर्नुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २३२ व्यक्तींचे झोपेतले बोलणे तपासले होते. यातले बहुतेक निद्राविकाराचे रुग्ण होते. निम्म्याहून अधिक वेळा त्यांच्या तोंडून शब्दच निघाले नव्हते, नुसते पुटपुटणे, कण्हणे, हसणे किंवा ओरडणे होते. जे शब्द कळले त्यांत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द होता 'नाही'. शिव्याही बऱ्याच होत्या. मात्र वाक्यरचना बरीचशी व्याकरणशुद्ध होती आणि समोरच्याच्या उत्तरासाठी थांबावे तसे माणूस मध्ये थांबतही होता. म्हणजे भाषेचे यंत्र चालू असते, पण संभाषण स्वप्नातल्या माणसाशी चाललेले असते. तेव्हा एरवी शांत असणारे गृहस्थ झोपेत कोणावर खेकसले, तर त्यावरून त्यांच्या स्वभावाचा निष्कर्ष काढू नये.

असे होते तरी का?

जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्था आपल्याला मांडूक्य उपनिषदापासून परिचित आहेत. आधुनिक विज्ञानाला त्या मोजता आल्या त्या मेंदूच्या विद्युत आलेखामुळे, आणि त्याची सुरुवात जर्मनीतच झाली. येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरी प्रथम नोंदवल्या आणि १९२९ साली ते काम प्रसिद्ध केले. पुढे १९५३ साली शिकागो येथील असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेचा एक वेगळा टप्पा दाखवून दिला. या टप्प्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळ्यांची बुबुळे वेगाने हलतात. त्याला 'रेम' झोप म्हणतात.

रात्रभरात या टप्प्यांची फेरी साधारण दीड तासाने पुन्हा पुन्हा येते. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात जास्त असते. रेम झोप पहाटेकडे वाढत जाते आणि ठसठशीत स्वप्ने बहुधा तेव्हाच पडतात. रेम झोपेत निसर्गाने एक सोय केली आहे. डोळे आणि श्वासाचे स्नायू सोडून बाकीचे बहुतेक स्नायू सैल पडतात, त्यामुळे स्वप्नात धावलो तरी आपण पलंगावरच राहतो.

पण या अवस्था भिंत घातल्यासारख्या वेगळ्या नसतात. कधी मेंदूचा एक भाग जागा होतो आणि दुसरा झोपलेलाच राहतो. कधी स्नायूंची ती सैल पडण्याची व्यवस्था क्षणभर ढिली होते. अशा सीमारेषेवर जिभेला वाट मिळते आणि माणूस बोलतो. हे रेम झोपेतही होते आणि इतर झोपेतही होते.

ही गोष्ट फार सर्वसाधारण आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील एका पाहणीत सुमारे १,००० प्रौढांना विचारले गेले. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी आयुष्यात कधी तरी झोपेत बोलल्याचे सांगितले. गेल्या तीन महिन्यांत बोललेले शेकडा १७ च्या आसपास होते. ही सवय घराण्यात चालते, असे जे आपल्या आज्या म्हणतात त्यातही तथ्य आहे. फिनलंडमधील जुळ्या भावंडांच्या १९९८ सालच्या अभ्यासात यात आनुवंशिकतेचा वाटा दिसून आला.

ज्याच्या अंगात ही सवय आहे, त्याला ती उफाळून यायला निमित्त लागते. अपुरी झोप हे पहिले निमित्त. त्याशिवाय ताप, मनावरचा ताण, रात्री घेतलेले मद्य, शिफ्टची नोकरी, काही औषधे, आणि आपल्या बाबतीत विशेष म्हणजे भारताचा प्रवास. घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांनी सरकते, त्यात रात्रीचे विमान आणि जागरण. परत आल्यावर पहिला आठवडा घरात कोणी बडबडले तर नवल मानू नये.

मुले आणि भाषा

लहान मुलांच्या झोपेत गाढ झोपेचा भाग मोठा असतो, म्हणून त्यांच्यात बोलणे, दचकून उठणे, झोपेत चालणे हे प्रकार जास्त दिसतात. वय वाढते तसे बहुतेक मुलांत ते आपोआप कमी होतात. झोप लागल्यापासून दोन-तीन तासांच्या आत मूल किंचाळून उठले, डोळे उघडे आहेत पण आईला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, असे झाले तर आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. पण अशा वेळी मुलाला हलवून जागे करण्याचा प्रयत्न करू नये. त्याने गोंधळ वाढतो. जवळ बसावे, त्याला लागणार नाही हे पाहावे आणि पुन्हा झोपू द्यावे. आजीने मीठमोहऱ्या ओवाळल्या किंवा रामरक्षा म्हटली तर काही बिघडत नाही. मुलासमोर "तुला काल काय झाले होते!" अशी चर्चा मात्र नको, कारण मग ते झोपायलाच घाबरते.

मूल झोपेत चालतही असेल तर एक काळजी अवश्य घ्यावी. इथल्या घरांच्या खिडक्या मोठ्या असतात, पूर्ण उघडतात आणि त्यांना आपल्याकडच्यासारखे गज नसतात. मुलांच्या खोलीतील खिडकीला आणि बाल्कनीच्या दाराला कुलपाची मूठ बसवून घ्यावी. ती बांधकाम साहित्याच्या कोणत्याही दुकानात मिळते. भाड्याच्या घरात आधी घरमालकाला विचारावे.

आता भाषेचा प्रश्न. स्पेनच्या बास्क प्रदेशात मुले दोन भाषांत वाढतात. तेथील ३ ते १० वर्षांच्या शाळकरी मुलांची एक पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक मुले झोपेत बोलत असल्याचे पालकांनी सांगितले. बहुतेक मुले ज्या भाषेवर त्यांचे प्रभुत्व जास्त, त्याच भाषेत बोलत. दोन्ही भाषा सारख्या येणारी मुले दोन्हीपैकी कोणत्याही भाषेत बोलत. यातून इतकेच समजावे की आपला मुलगा किंडरगार्टनमध्ये आठ तास जर्मन बोलत असेल, तर रात्रीही त्याच्या तोंडी जर्मन येणे स्वाभाविक आहे. त्याचा अर्थ मराठी गेली असा नव्हे. मराठी टिकवायची तर ती दिवसा बोलावी, गोष्टी सांगाव्यात, भारतात फोन लावून द्यावा. रात्रीच्या बडबडीवरून परीक्षा घेऊ नये.

केव्हा दुर्लक्ष करू नये

नुसते बोलणे, तेही कधीमधी, लहानपणापासूनचे आणि दिवसा काही त्रास नाही, असे असेल तर त्याला औषध नाही आणि औषधाची गरजही नाही. पुढील चार प्रकार मात्र वेगळे आहेत.

पहिला प्रकार घोरण्याचा. माणूस मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास थांबतो, मग गुदमरल्यासारखा आवाज करून काही तरी बोलतो आणि कूस बदलतो. सकाळी डोके जड आणि दिवसभर पेंग. ही निद्रा-श्वासरोधाची लक्षणे आहेत. यावर उपचार झाले तर बोलणेही कमी होऊ शकते. यात गाडी चालवण्याचा धोका मोठा आहे. दिवसा अनावर झोप येत असेल तर जर्मन नियमांप्रमाणे अशी व्यक्ती उपचार होईपर्यंत वाहन चालवण्यास योग्य मानली जात नाही. ऑटोबानवर एक डुलकी पुरते.

दुसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुधा हसण्यावारी नेला जातो. पन्नाशी उलटलेला माणूस, जो पूर्वी शांत झोपायचा, तो आता रात्रीच्या उत्तरार्धात ओरडतो, ठोसे मारतो, लाथा झाडतो, कधी पलंगावरून खाली पडतो. जागे केले तर चटकन भानावर येतो आणि सांगतो की कोणी तरी मागे लागले होते, मी हात उगारला. म्हणजे रेम झोपेत स्नायू सैल ठेवणारी व्यवस्था बिघडली आहे आणि स्वप्न अंगावाटे बाहेर येत आहे. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील डॉ. शेंक आणि डॉ. महोवाल्ड यांनी १९८६ साली या विकाराचे वर्णन केले. काही वेळा नैराश्यावरची औषधे त्याला निमित्त होतात. पण इतरांच्या बाबतीत तो पार्किन्सन किंवा त्या जातीच्या स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचना असू शकतो, आणि ही सूचना काही वेळा हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधी मिळते.

निद्रा-प्रयोगशाळेत निदान पक्के झालेल्या १,२८० रुग्णांचा अनेक देशांतील अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दरवर्षी शेकडा सहाच्या आसपास रुग्णांना अशा आजारांपैकी एखादा जडला आणि बारा वर्षांच्या हिशेबात हे प्रमाण शेकडा ७३ च्या घरात गेले. हे आकडे पक्के निदान झालेल्यांचे आहेत, झोपेत नुसते बोलणाऱ्यांचे नव्हेत, हे नीट लक्षात घ्यावे. पुढचा आजार थांबवणारे औषध अद्याप नाही. तरीही निदानाचा उपयोग आहे. रात्रीची दुखापत टाळता येते, औषधाने जोर कमी होतो, आणि नियमित तपासणी चालू राहिल्याने पुढे काही झाले तर उपचार वेळेवर सुरू होतात. २००० सालच्या ग्रीन कार्ड योजनेतून आलेली आपली पिढी आता याच वयात आली आहे. शिवाय आपले वडील-सासरे या वयाचे आहेतच.

तिसरा प्रकार, रात्रीतून अनेकदा तेच ते शब्द, तोच आवाज आणि तीच हालचाल, अगदी शिक्का मारल्यासारखी. ही फेपरे येण्याची लक्षणे असू शकतात. न्यूरॉलॉजिस्टला दाखवावे.

चौथा, वृद्ध माणूस जागे केल्यावरही असंबद्ध बोलतो, कुठे आहोत ते कळत नाही. मग ते झोपेतले बोलणे राहत नाही. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे यांमुळेही असे होते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बोलणे अडखळते आहे, तोंड वाकडे झाले आहे किंवा एका बाजूची शक्ती गेली आहे असे दिसले तर वाट न पाहता ११२ ला फोन करावा.

घरात काय करावे

बोलणाऱ्याला प्रश्न विचारून खेळ करू नये. उत्तर मिळाले तरी त्याला अर्थ नाही, आणि त्याची झोप मोडते. जोडीदाराला त्रास होत असेल तर कानात घालायचे बोळे वापरावेत किंवा काही दिवस वेगळ्या खोलीत झोपावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. झोपेची वेळ रोज एकच ठेवावी, सुट्टीच्या दिवशीही. रात्री उशिरा जड जेवण आणि मद्य टाळावे. हातपाय झाडणाऱ्याच्या उशापासून काचेचा दिवा आणि टोकदार कोपऱ्याचे टेबल दूर करावे, गादी खाली घ्यावी. डॉक्टरांनी दिलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि मेलाटोनिनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरूही करू नयेत.

दोन आठवडे एक वही ठेवावी. तारीख, वेळ, किती मिनिटे, पुटपुटणे की ओरडणे, हातपाय हलले का, घोरणे, आदल्या दिवशी जागरण, ताप किंवा मद्य, आणि जागे झाल्यावर स्वप्न आठवले का. काय शब्द बोलले याचा रकाना नसला तरी चालेल. मोबाइलवर चित्रण केले तर डॉक्टरांना फार मदत होते, पण ते त्या व्यक्तीला आधी सांगून, तिच्या संमतीने करावे. दुसऱ्याचे खासगी बोलणे परवानगीशिवाय ध्वनिमुद्रित करणे हा जर्मन दंडसंहितेच्या कलम २०१ खाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर ते पाठवणे बरे नव्हे.

डॉक्टर, विमा आणि खर्च

सुरुवात हाउसआर्त्स्टकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे करावी. नेमके शब्द न सुचल्याने आपण अनेकदा "नीट झोप येत नाही" एवढेच सांगतो आणि मूळ तक्रार राहून जाते. म्हणून तीन जर्मन शब्दप्रयोग पाठ करावेत : 'श्प्रेखन इम श्लाफ' म्हणजे झोपेत बोलणे, 'श्लागन उंड ट्रेटन इम श्लाफ' म्हणजे झोपेत मारणे व लाथा झाडणे, आणि 'आटेमआउसझेत्सर' म्हणजे श्वास थांबणे. वास कमी येत असेल किंवा जुनी बद्धकोष्ठता असेल तर तेही सांगावे. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी, भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक औषधांसह.

पुढे गरजेप्रमाणे न्यूरॉलॉजिस्ट, फुप्फुसाचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर यांच्यासाठी युबरवायझुंग, म्हणजे चिठ्ठी मिळते. श्वासरोधाचा संशय असेल तर बहुधा आधी एक छोटे यंत्र घरी देऊन रात्रभर नोंद घेतात. त्यातून उलगडा झाला नाही तर श्लाफलाबोर, म्हणजे निद्रा-प्रयोगशाळा. रेम झोपेतील विकाराचे पक्के निदान मात्र प्रयोगशाळेतील रात्रभराच्या तपासणीनेच होते. तारीख मिळायला वेळ लागतो. ११६११७ या क्रमांकावरील सेवा तज्ज्ञांची वेळ मिळवून देण्यास मदत करते.

सरकारी पद्धतीच्या क्रांकनकासेचे सभासद असाल तर वैद्यकीय गरजेची तपासणी कासे करते. रुग्णालयात दाखल होऊन राहिल्यास प्रौढांना दर दिवशी १० युरो स्वतः भरावे लागतात, वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांचे. दाखल होण्याचा आणि घरी जाण्याचा दिवसही मोजतात, म्हणजे दोन रात्रींचे ३० युरो. खासगी विमा असणाऱ्यांनी आधी कंपनीकडून लेखी मान्यता घ्यावी.

आईवडील भारतातून भेटीला आले असतील तर त्यांचा प्रवास-विमा निदान ३०,००० युरोंचा असावा लागतो, पण तो मुख्यतः तातडीच्या उपचारांसाठी असतो. जुन्या तक्रारीच्या तपासण्या त्यात बसतील असे धरून चालू नये. वही आणि चित्रण त्यांच्याबरोबर द्यावे आणि भारतात न्यूरॉलॉजिस्टला दाखवायला सांगावे.

आणखी एक गोष्ट. जीवनविमा किंवा कामाची क्षमता गेल्यास मिळणारा विमा घेताना अर्जात तब्येतीविषयी विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत. लपवले तर नेमक्या गरजेच्या वेळी कंपनी पैसे नाकारू शकते. पण "निदान झाले तर विमा मिळणार नाही" म्हणून तपासणीच टाळणे हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

थोडक्यात सांगायचे तर, झोपेत माणूस काय बोलला ते सकाळच्या चहाबरोबर विसरून जावे. केव्हा बोलला, कसा बोलला आणि बोलताना त्याचे अंग काय करत होते, ते मात्र वहीत लिहून ठेवावे. आज रात्री शेजारी कोणी बोलले तर घड्याळ पाहा, पांघरूण सारखे करा आणि कूस बदलून झोपा.